पांढरी पाचच्या किंचित वर

माझ्याकडे दोन पेट्या आहेत. एक नुसती दिसायला पेटी. आत तारा, लोखंड आणि जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. दुसरी खरीखुरी बाजाची पेटी, पण तिच्या सुराशी दुसरं कुठलंही वाद्य जुळत नाही. दोन्ही टाकवत नाहीत, आणि का ठेवल्यात हे नीट सांगताही येत नाही. सून विचारते तेव्हा मी काहीतरी उडवाउडवीचं बोलते. एकदा सगळं ओळीनं सांगून बघावं म्हणून लिहायला बसले, तर सुरुवातीलाच अडले. चूक कुणाची, इथूनच माझा गोंधळ आहे.

माझे वडील नौपाड्यात पेट्या दुरुस्त करायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ठाण्यापासून पार कल्याणपर्यंत कुठल्या भजनी मंडळाची किंवा गाण्याच्या क्लासची पेटी बिघडली, की ती अण्णांकडे यायची. पेटीच्या आत ज्या पितळी पट्ट्या असतात त्यांना अण्णा सूरच म्हणत. पट्टी टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, आणि घासून गेलेलं पितळ परत येत नाही, म्हणून हात राखून घासायचं. हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. गाणं मात्र मला कधी आलं नाही. माझा आवाज मोठा आणि खरखरीत. मी बोलायला लागले की अण्णा कानस खाली ठेवून माझं होईपर्यंत थांबायचे.

माझं लग्न होऊन मी कल्याणला आले आणि त्याच सुमाराला अण्णांना कमी ऐकू यायला लागलं. की आधीपासूनच येत होतं, आणि माझ्या आवाजामुळे घरात कुणाला पत्ता लागला नव्हता? तेही मला सांगता येणार नाही. आई आधीच गेली होती, भाऊ कुणी नाही. अण्णा एकटे राहायचे. आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, एवढीच त्यांची तक्रार होती.

टेंभी नाक्यापाशी मुलींचा गाण्याचा क्लास चालवणारे एक मास्तर होते. मला लहानपणापासून ओळखायचे. एका रविवारी अण्णांकडून परतताना त्यांनी मला रस्त्यात थांबवलं आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "अगं, अण्णांनी लावून दिलेली पेटी मी दुसरीकडून पुन्हा लावून घेतली. तिसऱ्यांदा. त्यांना सांगायचं धाडस होत नाही."

मी त्यांच्यावरच चिडले. इतकी वर्षं अण्णांचा हात चालला, आता एकदम खोट दिसायला लागली का, असं बरंच बोलले. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की मी तरी येतोय, बाकीचे पेट्या आणायचेच बंद झालेत. घरी पोचेपर्यंत माझा राग गेला आणि भीती बसली. समोर उघडी पेटी नसली की अण्णा जेवायचंसुद्धा विसरत. पेट्या थांबल्या तर हा माणूस दिवसभर त्या खोलीत करणार काय, हे माझ्या डोळ्यांसमोर येईना.

आमचे हे रेल्वेच्या तारखात्यात होते आणि फावल्या वेळात जुन्या रेडिओंची चिरफाड करत. घरात सगळीकडे तारांचे तुकडे. मी त्यावरून रोज बोलायची. पण त्या दिवशी मीच त्यांना म्हटलं, अहो, अण्णांना ऐकू येईल असं काही करा. हे म्हणाले, अ‍ॅम्प्लिफायर करता येईल. पेटीत एक माइक ठेवायचा, त्याचा आवाज व्हॉल्व्हमधून मोठा करायचा आणि हेडफोननं थेट कानात सोडायचा. मला त्यातलं 'कानात' एवढंच कळलं.

सामान मिळायचं कल्याण कॅम्पात. लढाई संपून लष्कर गेलं, मागे बराकी राहिल्या, आणि फाळणीनंतर त्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहायला आली. लष्करानं मोडीत काढलेला माल तिथे गोणपाटावर मांडून विकायला असायचा. मच्छरदाण्या, पाण्याच्या बाटल्या, आणि फोडलेल्या वायरलेस संचांची आतडी. टांगा करून आम्ही दोघं गेलो. एक वयस्क गृहस्थ व्हॉल्व्ह विकत होते. तिकडे सिंधमध्ये त्यांचं स्वतःचं रेडिओचं दुकान होतं म्हणे. ह्यांनी एकेक व्हॉल्व्ह उजेडात धरून वरचा नंबर वाचला आणि सात निवडले. दोन हेडफोन घेतले, एक माइक, एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर. काय करणार म्हणून त्या गृहस्थांनी विचारलं, ह्यांनी सांगितलं. ते मान हलवत म्हणाले, "बन जाएगा, साब. लेकिन हम तो रहेगा."

आणि असं म्हणताना त्यांनी हात छातीवर ठेवला. मला गलबलून आलं. सगळं सोडून आलेला माणूस, सांगतोय की आम्ही आता इथेच राहणार. मी पटकन म्हटलं, "राहा की. तुम्हाला कोण जा म्हणतंय?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी गोणपाटावरचा आणखी एक व्हॉल्व्ह उचलून माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. परतीच्या टांग्यात हे हसून हसून बेजार. म्हणाले, हम म्हणजे इंग्रजीतला हम, यंत्राची घुमघुम, विजेची, जुन्या सामानात ती राहतेच, एवढंच त्याला सांगायचं होतं. असेल. पण मग त्यानं छातीवर हात का ठेवला, आणि मला तो आठवा व्हॉल्व्ह का दिला?

आता माझा पराक्रम सांगते. आमच्या बिऱ्हाडात वीज बाहेरच्या खोलीपुरती होती. स्वयंपाकघरात कंदील. रोज दुपारी कंदिलाची काच मी चाळलेल्या राखेनं घासायची, फडक्यानं पुसायची, आणि माझी काच चाळीत सगळ्यांत लख्ख असते याचा मला फार तोरा होता. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर बघितलं तर ते आठ व्हॉल्व्ह टोपलीत पडलेले, धुळीनं आणि तेलानं माखलेले. हे काचेचे दिवेच की. अण्णांच्या कानासाठी आहेत, तर निदान स्वच्छ असावेत. मी राख घेतली आणि आठही काचा घासून पुसून ओळीनं उन्हात मांडल्या. इतक्या सुंदर दिसत होत्या की संध्याकाळी मी ह्यांना हात धरून दाखवायला नेलं.

ह्यांनी एक उचलला, फिरवून बघितला. दुसरा उचलला. सगळे बघून झाल्यावर मटकन खालीच बसले. व्हॉल्व्हचा नंबर काचेवर नुसता रंगानं छापलेला असतो. माझ्या राखेनं आठही नंबर धुऊन निघाले होते. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या कामाचा, हे आता ते व्हॉल्व्हच जाणोत. ह्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, मीही दोन शब्द बोलले असते. पण ते एवढंच म्हणाले, "काच छान निघाली आहे."

मग पुढचे दोन महिने आमच्या घरी कोडी सोडवणं चाललं. एक व्हॉल्व्ह अंगानं मोठा, तो ओळखू आला. बाकीचे एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा इतके सारखे. हे एक खोचायचे, हेडफोन लावायचे, काढायचे, दुसरा खोचायचे. खालचा सांगाडा रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचा केला होता. तापला की घरभर रॉकेलचा वास. शेवटी एकदाचा आवाज आला. मी माइकपाशी टिचकी वाजवली आणि हे उडालेच. पण त्या आवाजामागे एक घुमघुम होती, सतत, एकसारखी. हम. ती काही केल्या जाईना. मी विचारलं, माझ्या राखेमुळे का? हे म्हणाले, असेल, चुकीच्या जागी चुकीचा व्हॉल्व्ह बसला असेल. चार दिवसांनी म्हणाले, नाही, कंडेन्सर जुने आहेत. पुढे म्हणाले, तो कॅम्पातला माणूस सांगत होताच. तीन वेळा विचारलं, तीन उत्तरं मिळाली. मी विचारायचं सोडलं.

एवढं सगळं ठेवायला खोकं हवं होतं. ह्यांनी अण्णांकडूनच एका मोडक्या पेटीचं रिकामं खोकं मागून आणलं. सागवानी, पुढे खुंट्यांची भोकं असलेलं. एक जुनी खुंटी त्यांनी विजेच्या बटणाला जोडली. खुंटी ओढली की यंत्र चालू. ह्यांना स्वतःच्या या युक्तीचं फार कौतुक वाटलं, मलाही वाटलं. पेटीला एक खुंटी अशी असते की ती ओढली की एक सूर आपोआप धरून राहतो, मागे तंबोऱ्यासारखा वाजत राहतो. मी पेट्यांच्या घरात वाढलेली बाई. हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

एका रविवारी सकाळी आम्ही ते खोकं नौपाड्याला नेलं. अण्णांना एवढंच सांगितलं की जावयानं तुमच्यासाठी एक यंत्र केलंय. कानाचं नाव काढलं नाही. त्यांनी हेडफोन चढवले, खुंटी ओढली. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. मग त्यांचा चेहरा बदलला. डोळे मिटून ते ऐकत राहिले. समोरच्या पेटीचा एक सूर दाबला, परत दाबला, भाता हलका केला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी आणि हे एकमेकांकडे बघत होतो. माझ्या जिवात जीव आला होता.

हेडफोन काढून अण्णा ह्यांना म्हणाले, "जावईबापू, आत षड्जसुद्धा भरून ठेवलात. हे कसं सुचलं तुम्हाला?"

हे चाचरले. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती 'सांगून टाका' अशी हलवली की 'राहू द्या' अशी, यावर आमचं नंतर कित्येकदा भांडण झालं. मला वाटतं मी 'सांगा' म्हणत होते. ह्यांना ते 'राहू द्या' दिसलं. एकूण काय, कुणीच काही बोललं नाही. अण्णा इतके खूश होते की हमला हम म्हणायला जीभ उचलेना.

नंतरचे काही महिने अण्णा पूर्वीसारखे झाले. खोलीत पेट्या, मांडीवर कानस, कानाला लष्करी हेडफोन. मास्तरांनीच पुढाकार घेऊन क्लासची पेटी आणून दिली, बाकीच्यांनाही पाठवलं. सूर आपापसात अगदी चोख लागताहेत असं ते मला मुद्दाम येऊन सांगून गेले. एकदा मी गेले तेव्हा अण्णांचा सुरांचा काटा, तो ठोकला की ठरलेला सूर देणारा पोलादी चिमटा, कोपऱ्यातल्या डब्यात पडलेला दिसला. जन्मभर तो त्यांच्या खिशात असायचा. मी खुणेनं विचारलं. अण्णा म्हणाले, "म्हातारा झाला तो. उतरलाय. यंत्रातला षड्ज पक्का आहे." मला तेव्हा काहीतरी टोचलं, पण नक्की काय ते कळेना. पोलाद कसं उतरेल, एवढं घरी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, तुमच्या पेट्यांतलं मला काय विचारतेस.

उलगडा झाला डोंबिवलीत. मास्तरांच्या मुलींचा कार्यक्रम होता, शाळेच्या पटांगणात मांडव घालून. अण्णा, मी आणि हे पुढच्याच रांगेत. मुली पुष्कळ म्हणून मास्तरांनी दोन पेट्या ठेवल्या होत्या. एक त्यांची, अण्णांनी लावलेली. दुसरी तिथल्याच भजनी मंडळाची. गाणं सुरू झालं आणि तबलजीनं मान वर केली. त्यानं तबला ठोकून चढवला, परत उतरवला. डावीकडच्या मुली एका पेटीच्या मागे गेल्या, उजवीकडच्या दुसरीच्या, मधल्या मुली बिचाऱ्या कधी इकडे बघतात, कधी तिकडे. मला गाण्यातलं ओ का ठो कळत नाही, पण अंगावर काटा आला. लोक खुसखुसायला लागले. मास्तरांनी एक पेटी हातानं बंद केली तेव्हा गाणं सावरलं. त्यांनी बंद केली ती अण्णांची.

अण्णा माझ्या शेजारी बसले होते. हेडफोन अर्थातच घरी. तबलजीच्या हाताकडे बघून मांडीवर ताल धरला होता आणि हसऱ्या चेहऱ्यानं मान डोलवत होते.

कार्यक्रमानंतर मास्तरांनी आम्हा दोघांना मांडवामागे गाठलं. त्यांना रागवायचंही सुचत नव्हतं. म्हणाले, पेटी उत्तम लागली आहे, पण तिची पांढरी पाच, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीचा सूर, पांढरी पाच नाही. किंचित वर आहे. तिच्या वरची काळी चारही नाही. असा सूर कुठल्याच पेटीत नसतो, अण्णांनी आणला कुठून? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यंत्रातला हमच पांढरी पाचच्या किंचित वर होता, त्यालाच षड्ज मानून अण्णा पांढरी पाच लावत होते, आणि तिच्यावरून बाकीचे सगळे सूर. सहा-सात पेट्या अशा झाल्या होत्या. ठाणे-कल्याणातल्या तेवढ्या पेट्या आमच्या रॉकेलच्या डब्याशी जुळत होत्या, आणि बाकी कशाशीच नाही.

आता सांगायचं की नाही? मास्तर म्हणाले, सांगायलाच हवं, पितळ घासलं जातंय. हे म्हणाले, अजिबात नको, मी हम काढायचा प्रयत्न करतो. मी म्हटलं, आणि हम काढला तर षड्ज कुठे गेला म्हणून अण्णा विचारतील, त्याचं काय? मला दोघांचं पटत होतं. चार दिवस मी भाजीत मीठ कधी दोनदा घातलं, कधी घातलंच नाही.

रविवारी सकाळी मी एकटीच नौपाड्याला गेले. अण्णा हेडफोन लावून एक पेटी उघडून बसले होते. मी पेटीतला माइक उचलून तोंडाजवळ धरला. वरून ओरडून त्यांना काही सांगायचं म्हणजे चार घरांना सांगण्यासारखं होतं. इथे मात्र हळू बोलायचं होतं, आणि मला हळू बोलायची सवय नव्हती. मी म्हटलं, "अण्णा, तो षड्ज नाही. ती यंत्राची खोट आहे. मी व्हॉल्व्ह राखेनं घासले, त्यांचे नंबर गेले, म्हणून असेल. तुमचा काटा बरोबर होता."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. कानस हातातच. मग म्हणाले, "पुन्हा बोल."

मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी सगळं पुन्हा सांगितलं, राख, नंबर, डोंबिवलीच्या दोन पेट्या, सगळं. ते परत म्हणाले, "पुन्हा बोल." तिसऱ्यांदा सांगताना मला रडू फुटलं, त्यामुळे काय बोलले कोण जाणे. अण्णांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले होते.

"आवाज बदलला तुझा," ते म्हणाले. "लग्नाआधी असा नव्हता."

मी कबुली द्यायला आले होते, आणि हा माणूस भलतंच ऐकत होता. किती वर्षांनी ऐकत होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. इतकी वर्षं मी बोलायची, ते हसून मान हलवायचे, आणि मी समजायची की बोलणं झालं.

थोड्या वेळानं ते उठले, डब्यातला काटा काढला, गुडघ्यावर ठोकला आणि त्याचं बूड दातावर टेकवलं, म्हणजे कानानं नाही तरी हाडातून सूर पोचतो. डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे होते. "हा बरोबर होता तर," एवढं म्हणाले.

त्यांनी सगळ्या पेट्या परत मागवल्या आणि काटा दातावर धरून एकेक उतरवली. मास्तर म्हणाले, ठीक झाल्या. पण अण्णांचा स्वतःवरचा भरवसा गेला तो गेलाच. शेवटची पेटी झाल्यावर त्यांनी कानशी पुसल्या, आणि ठाण्यातच एक दुसरे पेट्या लावणारे होते त्यांच्या घरी स्वतः नेऊन दिल्या. घरची एक पेटी तेवढी उतरवली नाही. ती पांढरी पाचच्या किंचित वरच राहिली. का ठेवलीत असं मी विचारलं, तर म्हणाले, यंत्राला सोबत.

पुढे अण्णा होते तोवर मी दर रविवारी जायची. ते खुंटी ओढायचे, मी माइक धरायची, आणि आठवड्याचं सगळं सांगायची. भाजी काय आणली, चाळीत कोण कुणाशी भांडलं, ह्यांनी आणखी काय फोडलं. मागे हम चालूच. आमच्या ह्यांनी तो काढायचा म्हटलं की अण्णा खोक्यावर हात ठेवून नको म्हणायचे.

त्यांचे पेट्या लावण्याचे दिवस मी माझ्या तोंडानं संपवले, हे माझ्या मनातून जात नाही. न सांगता त्यांना आणखी पेट्या बिघडवू द्यायला हव्या होत्या का, तेही पटत नाही. शेवटी शेवटी एकदा न राहवून मी माइकमध्ये विचारलंच, "अण्णा, मी तेव्हा सांगितलं ते चुकलं का?"

हेडफोन कानाला होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पुन्हा बोल."

मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले. त्यांना ऐकू आलं नव्हतं की नुसतं ऐकायचं होतं, हे मला अजूनही कळलेलं नाही.